मागच्या बाकावरचा पाळक

चिंथेम्बो, डेझा
१२ मे १९९७

प्रिय गेरेसोमो,

आधी खाली बस, मग पुढे वाच. तियामिकेचं लग्न ठरलं!

हो, तुझ्या भाचीचं. तू गेलास तेव्हा चौदा वर्षांची होती, गुडघे फुटलेली, आंब्यावरून खाली उतरायला तयार नसलेली. आता दवाखान्यात नर्स आहे आणि रोज सकाळी मला ‘बाबा, मीठ कमी खा’ म्हणून दम देते. मुलगा लुसुंगू, इथल्याच शाळेत मास्तर. उंच, सडसडीत, बोलायला लाजतो, पण गायला लागला की खिडक्या हलतात. गेल्या रविवारी त्याच्याकडची माणसं विचारायला आली, तेव्हा एनेलेसी स्वयंपाकघरात जाऊन इतक्या मोठ्यानं हसली की पाहुण्यांना वाटलं, आत काहीतरी सांडलं. माझे पाय तर तेव्हापासून जमिनीवर नाहीत. काल उपासनेत प्रार्थना करता करता मध्येच थांबून हसलो. मंडळीला वाटलं, संपली. सगळ्यांनी ‘आमेन’ म्हणून टाकलं.

आठ वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. सुरुवात कशी करावी याचा आठवडाभर विचार केला. शेवटी एनेलेसी म्हणाली, “अहो, बातमी लिहा. आनंदाची आहे, बाकीचं तिच्या मागून जाईल.” म्हणून बातमी पुढे केली.

आता कामाचं. साखरपुड्याची कोंबड्यांची देवाणघेवाण ३० ऑगस्टला, शनिवारी सकाळी, आमच्या अंगणात. त्याच दुपारी देवळात लग्न. पाहुण्यांना दोन वेगवेगळ्या दिवशी जेवू घालणं पाळकाच्या घराला झेपायचं नाही. त्यांचा मामा कोंबडा घेऊन येणार. आपल्याकडून कोंबडी हातात धरून कोण उभं राहणार? तू! एनेलेसीला तुझ्याशिवाय दुसरा भाऊ नाही. आपल्यात मुलगी बापाची नसतेच, मामाची असते; मी काय, नुसता तिचे लाड करणारा. मामा अंखोस्वे म्हणून, मुलीचा पालक म्हणून, उभा राहून शब्द देत नाही तोवर लग्न नाही, हा आपला रिवाज आणि मंडळीचाही नियम. वहीत तो नियम मीच लिहिलाय. ‘आधी मामाला घेऊन या’ म्हणून सतरा जोडपी मी दारातून परत पाठवली आहेत. आता माझ्याच मुलीला बिनमामाची कशी उभी करू?

एक किरकोळ गोष्ट आहे. प्रभुभोजनापासून दूर ठेवलेल्यांच्या यादीत तुझं नाव अजून आहे. तसा माणूस अंखोस्वे म्हणून वहीत सही करू शकत नाही. तेव्हा तू दोन दिवस आधी ये, वडीलधाऱ्यांच्या सभेपुढे उभा राहा आणि म्हण, ‘त्या राईत गेलो ती चूक झाली, पुन्हा जाणार नाही.’ दोन मिनिटांचं काम. नियमाप्रमाणे त्यानंतर सहा महिने मागच्या बाकावर बसावं लागतं आणि भोजनाच्या आधी उठून बाहेर जावं लागतं, पण ते मी माफ करून घेईन. आठ वर्षं पुरेशी झाली. ज्या व्यासपीठावरून मी तुझं नाव वाचलं, त्याच व्यासपीठावरून परत घेईन. झालं गेलं संपलं!

पत्र दाउदाबरोबर पाठवतोय. त्याची बस या गुरुवारी जोहान्सबर्गला निघते. उत्तर त्याच्याच हाती दे, टपालावर माझा भरवसा नाही.

तुझा मेहुणा,
लामेकी


९ जून

गेरेसोमो,

दाउदा काल परत आला. ओसरीवर बसून त्यानं आधी मांडाझीचे तीन गोड वडे खाल्ले, दोन कप चहा घेतला, बसचा टायर मुतारेपाशी कसा फुटला ते सांगितलं. मी आपला एका पायावर उभा!

“अरे, पत्र दिलंस का?”

“दिलं की.”

“वाचलं त्यानं?”

“दोनदा वाचलं.”

“मग?”

“मग घडी घालून खिशात ठेवलं.” त्यानं तोंड पुसलं. “पाळकसाहेब, तो बोलला तसं सांगतो, माझ्यावर रागवू नका. म्हणाला, माफी मागायला मी जरूर येतो. पण कशाची मागायची, ते आधी पाळकानं स्वतःच्या हातानं लिहून पाठवावं.”

तसाच आहेस अजून! शाळेतसुद्धा मास्तरांनी छडी उगारली की सगळी पोरं हात मागे घ्यायची आणि तू विचारायचास, ‘कशाबद्दल?’

ठीक आहे. लिहितो. ऑगस्ट १९८९. तुझी आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवसाची पहाट. कबर खणणाऱ्यांसाठी मी चहाची किटली घेऊन निघालो होतो. कबरस्तानाला लागून जी राई आहे, जिथे मयतीला मुखवटे घालून नाचणारे नाचवाले ते मुखवटे लपवतात, जिथे मंडळीच्या माणसानं पाऊल ठेवायचं नाही, त्या राईतून तू बाहेर आलास. आमच्या गायनवृंदाचा प्रमुख! माझ्याकडे एकदा बघितलंस आणि सरळ चालू लागलास. सभेपुढे तुला तीनदा विचारलं, आत का गेला होतास? तीनदा तू म्हणालास, ‘सांगता येणार नाही.’ आता तूच सांग, मी काय करणार होतो? सोडून दिलं असतं तर लोक म्हणाले असते, पाळकाचे नियम बायकोच्या भावाला लागत नाहीत. म्हणून नाव वाचलं. एनेलेसी पहिल्या बाकावर होती. तिनं मान खाली घातली नाही, माझ्याकडे बघत राहिली. त्याच आठवड्यात तू गेलास.

झालं समाधान?

आणि तू येणार नसशील तर आमचं काही अडलेलं नाही. तुमच्या चुलत घराण्यातला फालेसोनी एका पायावर तयार आहे. कालच त्याची तालीम घेतली. अंगणात खुर्च्या मांडल्या, शेजारच्या म्हाताऱ्याला मुलाकडचा मामा केलं, फालेसोनीच्या हातात कोंबडी दिली. गड्यानं सकाळपासून घशाखाली बरंच काही उतरवलेलं होतं. त्यानं आधी कोंबडीला वाकून नमस्कार केला. मग मुलाच्या मामाला म्हणाला, “आमचा मुलगा तुमच्या मुलीला शोभेल का?” मी म्हटलं, “अरे, मुलगी आपली आहे!” तर म्हणतो, “असं होय? मग तर आनंदच आहे!” आणि टाळी वाजवली. टाळी वाजवायला दोन्ही हात लागतात. कोंबडी छपरावर!

मी हसून हसून खाली बसलो. तियामिके हसली नाही. शिडी लावून तिनं कोंबडी खाली आणली.

“बाबा, मला गेरेसोमोमामा हवा.”

“अगं, त्याला बोलावलंय. येत नाही त्याला मी काय करू?”

“मग लग्न नाही.”

“तियामिके, लुसुंगूची सप्टेंबरात उत्तरेला बदली होतेय. ती माणसं वर्षभर थांबायची नाहीत.”

“नकोत थांबू. लहानपणी तापात मला पाठीवर घेऊन दवाखान्यात कोण चालत गेलं होतं? फालेसोनी?” तिनं कोंबडीला खुराड्यात टाकून दार लावलं. “लुसुंगूला सांगून झालंय माझं. त्यालाही पटलंय.”

त्याला काय न पटणार, तो बोलतच नाही.

लामेकी


३० जून

गेरेसोमो,

मागच्या पत्रात लिहिलं ते सगळं खरं आहे, पण सगळं लिहिलेलं नाही. आज लिहायला बसलो होतो. तीन कागद वाया घालवले, मग उठून सायकलचं पंक्चर काढलं, मग शेंगांच्या वाळवणावरून कोंबड्या हाकलल्या. पाळकाला काम टाळायचं असलं की त्याला घरातलं प्रत्येक काम दिसतं, असं एनेलेसी म्हणते. दाउदा तासाभरात निघतोय आणि माझं धाडस अजून कपडेच घालतंय. पुढच्या फेरीला नक्की.

लामेकी


१४ जुलै

प्रिय गेरेसोमो,

कशाची माफी, ते माझ्या हातानं लिहून देतो. तुझी नाही, माझी.

तीन वर्षांपूर्वी कांगुंडेआजोबानं मला बोलावणं धाडलं. मुखवटेवाल्यांचा म्होरक्या, ज्याच्याशी मी अर्धं आयुष्य भांडलो, तो! अंथरुणाला खिळला होता, हाडांवर नुसती कातडी. म्हणाला, “पाळक, मला बाप्तिस्मा दे.” मी आनंदानं वेडाच झालो. चिंथेम्बोत याहून मोठा मासा जाळ्यात येणार नव्हता. मी म्हटलं, “आजोबा, आधी मन मोकळं करा.” आणि त्यानं केलं की.

“तुझ्या सासूच्या दफनाला आमचे मुखवटे का आले नाहीत, माहीत आहे तुला?”

मी छाती काढून म्हटलं, “देवानं अडवले. आम्ही उपास धरून प्रार्थना केली होती.”

तो खोकायला लागला. खोकला नव्हता तो, हसत होता. “तुझ्या देवाला त्यासाठी एक शेळी लागली, बाबा. तुझा मेहुणा घेऊन आला पहाटे. काळी होती, म्हातारीचीच. गुडघे टेकून म्हणाला, आईला शांतपणे जाऊ द्या.”

मग त्यानं सगळं सांगितलं. तुझ्या आईचे सगळे भाऊ नाचवाले. तिला नाचवत कबरीपर्यंत न्यायचा त्यांचा हक्क. आणि मी? मी व्यासपीठावरून गर्जना केली होती की माझ्या सासूच्या कबरीशी एक मुखवटा दिसला तर मी पाळकपण सोडीन! त्यांच्याकडून तीस जण काठ्या घेऊन येणार होते, आमच्याकडचे तरुण दगड जमवत होते, आणि मी आत प्रार्थना करत होतो. डोकी फुटली असती, गेरेसोमो. तुझ्या आईच्या पेटीवर फुटली असती. ते ओळखणारा तू एकटा. कांगुंडेनं शेळी घेतली आणि तुला आईच्या नावानं शपथ घातली, मी जिवंत आहे तोवर कुणाला सांगायचं नाही. शेळीवर मुखवटे थांबतात हे पसरलं, तर उद्या कोण घाबरणार? तू शपथ घेतलीस. सभेपुढे पाळली. नाव वाचलं तेव्हाही पाळली.

“तुम्ही त्याला हाकललंत, तरी बोलला नाही,” म्हातारा म्हणाला. “आता मी चाललो, शपथ माझ्याबरोबर संपली. तुझा माणूस तू परत आण.”

तो बुधवार होता. मी त्याचा बाप्तिस्मा केला. शनिवारी त्याला माती दिली. आणि रविवारी व्यासपीठावर उभा राहून काय केलं, सांगू? ‘मुखवटे कसे थांबले’ हाच संदेश पुन्हा दिला.

तुला तो संदेश माहीत नाही, तू गेल्यावर जमून आला. माझा सगळ्यांत गाजलेला. अकरा मंडळ्यांनी मला खास बोलावून तो ऐकला. एका ठिकाणी बाया उभ्या राहून ओरडायला लागल्या, तर मी शेवट दोनदा सांगितला. उपास, प्रार्थना, आणि मोकळं पडलेलं कबरस्तान. एवढंच होतं त्यात. तुझी शेळी त्यात नव्हती, आणि ती आत आणली असती तर संदेश उरला नसता. म्हणून मी गप्प बसलो. तीन वर्षं! घाबरून नाही रे, लोकांनी मानेनं ‘हो, हो’ म्हणावं याच्या चटकेपायी. तुला लाज वाटेल असा मेहुणा मिळाला.

मे महिन्यातलं माझं पत्र आठवलं की कानाच्या पाळ्या तापतात. ‘दोन मिनिटांचं काम.’ मला सगळं माहीत असताना मी ते लिहिलं. मी काय कल्पना केली होती माहीत आहे? तू येशील, खोटीच माफी मागशील, आणि दोघांचंही भागेल.

मी रोज पहाटे प्रार्थना करतो आणि देव माझ्याशी बोलतो असं मंडळीला सांगतो. खरं सांगायचं तर या तीन वर्षांत तो फारसा बोलला नाही. बोलला ते दाउदाच्या तोंडून, तेही मांडाझी खाऊन झाल्यावर. ‘कशाची?’ एवढंच. आणि मी तुझ्यावर उद्धटपणाचा ठपका ठेवला!

तीन ऑगस्टला मी हे मंडळीपुढे सांगणार आहे. त्याआधी एनेलेसीला सांगायचंय. ते जास्त कठीण आहे.

हे लिहून झालं आणि मला सपाटून भूक लागली आहे. कितीतरी दिवसांनी.

लामेकी


४ ऑगस्ट

गेरेसोमो! सांगितलं!

आधी एनेलेसीचं. शनिवारी सकाळी ती शेंगा फोडत बसली होती. मी समोर बसलो आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. तिचे हात थांबले.

“म्हणजे आईची काळी शेळी तरसानं नेली नव्हती?”

“नाही.”

“आठ वर्षं मी त्या तरसाला शिव्या घालतेय.” मग माझ्याकडे बघितलं. “माझा भाऊ चुकला नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. शेळी आज कळली. पण तुम्हाला तीन वर्षं माहीत होतं, अहो? तीन वर्षं माझ्या ताटातलं जेवलात?”

त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत एक शब्द नाही. मक्याच्या न्सिमाची थाळी समोर ठेवली आणि निघून गेली. मी बिनमिठाची भाजी मुकाट्यानं खाल्ली.

रविवारी देऊळ भरलेलं. गाणी झाली, मी व्यासपीठावर चढलो, यादीची वही उघडली. पानं एकमेकांना चिकटलेली, ती नखानं सोडवली. मी वाचलं, “गेरेसोमो. चुकीनं ठेवलेलं नाव. खोडलं.” मग कांगुंडे, शेळी, शपथ, सगळं सांगितलं. मग पुढची ओळ वाचली, ती मी आदल्या दिवशी स्वतः लिहिली होती: “लामेकी, पाळक. निर्दोष माणसावर दोष ठेवला. खरं कळल्यावर तीन वर्षं दडवलं.”

मग मधल्या बाकांवरून नासिवेलोआजीचा आवाज आला, “पाळक, म्हणजे तो मुखवट्यांचा संदेश आता नाही?”

“नाही, आजी.”

“अरे देवा! किती छान होता!”

सगळं देऊळ हसलं, गेरेसोमो! मीही हसलो, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. काफुलामा, आमच्या वडीलधाऱ्यांतला सगळ्यांत कडक माणूस, उठून उभा राहिला. तोही हसत नव्हता असं नाही, पण त्यानं चेहरा सरळ केला.

“नियमाप्रमाणे सहा महिने.”

“हो.”

“व्यासपीठही नाही, भोजनही नाही.”

“हो.”

“नियम तुम्हीच लिहिलाय.”

“हो बाबा, मीच लिहिलाय, अक्षरही माझंच आहे!”

मग मी खाली उतरलो आणि मधल्या वाटेनं मागच्या बाकापर्यंत चालत गेलो. वीस वर्षं त्या देवळात आहे, ती वाट इतकी लांब आहे हे माहीत नव्हतं. बाकावर एक मुलगी होती, लग्नाआधी मूल झालं म्हणून मार्चमध्ये मीच नाव वाचलेली. ती सरकली आणि कुजबुजली, “पाळक, त्या कडेला नका बसू, पाय मोडलाय बाकाचा.” मी तिच्या शेजारी बसलो. तिचं बाळ माझ्या कोटाचं बटण चोखत होतं.

आणि ऐक, तिथं काही म्हणजे काही ऐकू येत नाही! काफुलामा पुढे प्रार्थना करत होता आणि आमच्यापर्यंत नुसतं गुणगुण. मी मुलीला विचारलं, “माझं तरी ऐकू यायचं का?” ती म्हणाली, “तुमचे हात दिसायचे.” ज्यांच्यासाठी सगळ्यात जास्त घसा फोडला ती माणसं इतकी वर्षं नुसते माझे हात बघत होती! मी परत उभा राहीन त्या दिवशी आधी हा बाक पुढे ओढणार आहे. सभेला विचारणारसुद्धा नाही.

बाहेर आल्यावर एनेलेसी माझ्या शेजारून चालू लागली. घराजवळ आल्यावर म्हणाली, “आज मीठ घालते.”

लग्न लावायला शेजारच्या मंडळीचा पाळक येईल. पण त्याआधी तू. तुझ्याकडून आता काहीच नको आहे, ना सभेपुढे उभं राहणं, ना एक शब्द. तियामिकेसाठी ये असंही म्हणत नाही. तिच्या आडून बोलायची मला सवय लागली होती. तू आलास तर माझ्यासारखा आनंदी माणूस डेझात नसेल. नाही आलास तर तो तुझा हक्क आहे, आणि तो मी कुणाला नाकारू देणार नाही.

लामेकी


२२ ऑगस्ट

गेरेसोमो,

दाउदा म्हणतो, दोन्ही पत्रं तुझ्या हातात दिली, तू त्याच्यासमोर वाचलीस आणि काही बोलला नाहीस. “काहीच नाही?” मी विचारलं. “बसची वेळ विचारली,” तो म्हणाला, “पण ती सगळेच विचारतात.”

आठ दिवस उरले. तियामिकेनं पांढरा पोशाख शिवून घेतलाय आणि पेटीत कुलूपबंद ठेवलाय. लुसुंगूच्या माणसांना तिनं कळवलंय, २९ तारखेला संध्याकाळपर्यंत मामा उतरला नाही तर कोंबडा घेऊन निघू नका. आमच्या घरात सध्या रस्त्यावरून बस गेली की तीन माणसं एकदम दाराशी येतात. एनेलेसी म्हणते, मी सगळ्यांत पुढे असतो.

लामेकी


७ सप्टेंबर

प्रिय गेरेसोमो,

पोचलास का? दाउदानं गाडी नीट चालवली ना? हे सगळं तुला माहीत आहे, तू तिथं होतास, तरी लिहितोय, कारण तू सोमवारी पहाटे निघालास आणि मला बोलायला वेळ मिळाला नाही. खरं म्हणजे वेळ होता, आवाज नव्हता.

शुक्रवारी दुपारी तू बसमधून उतरलास, तपकिरी टोपी, हातात एवढीशी पिशवी, कानांवरचे केस पांढरे. एनेलेसी रस्त्यावरच तुझ्या गळ्यात पडली. तियामिके अनवाणी धावली. मी अंगणात हात चोळत उभा. तू माझ्यासमोर आलास, खालपासून वरपर्यंत बघितलंस, आणि म्हणालास, “कोंबडी कुठली?” मी खुराडं दाखवलं. त्यानंतर दोन दिवस माझ्याशी एक शब्द नाही. मी तक्रार करत नाही. एनेलेसीकडून मला सवय झाली होती.

शनिवारी तुझ्या हातात कोंबडी हलली नाही! त्यांचा मामा थट्टेनं म्हणाला, “ही तर झोपलीय, आजारी कोंबडी देताय काय?” आणि तू म्हणालास, “आमच्याकडच्या मुली अनोळखी माणसासमोर गोंधळ घालत नाहीत. तुमच्या कोंबड्याला आधी बूट घालायला शिकवा.” सगळं अंगण लोळलं. लुसुंगू पहिल्यांदा मोठ्यानं हसला, मी कानांनी ऐकलं. मग तू वाकून शब्द दिलास, ही आमची आहे, रडली तर माझ्या दाराशी येईल. तेव्हा मी स्वयंपाकघरामागे जाऊन नाक पुसून आलो.

दुपारी माझ्या एकुलत्या एका मुलीचं लग्न मी मागच्या बाकावरून पाहिलं. वचनं ऐकू आली नाहीत. शेजारच्या मुलीला ओठ वाचता येतात, तिनं मला सांगितलं, “हो म्हणाली. आता तो म्हणाला.” वहीत तू सही केलीस तेव्हा मी उभाच राहिलो होतो, ती म्हणाली, “पाळक, बसा, मागच्यांना दिसत नाही.” आमच्या मागे भिंत होती.

आणि रविवार. प्रभुभोजनाचा रविवार. काफुलामानं तुझं नाव सगळ्यांआधी पुकारलं, तुला पहिल्या बाकावर एनेलेसीशेजारी बसवलं. मी मागून तुझ्या डोक्याकडे बघत होतो. आठ वर्षांनी तुझ्या हातात भाकर पडणार होती, आणि ते पाहायला मी तिथं नसणार होतो, हे बरोबरच होतं. मेजावरचं पांढरं कापड काढायच्या आधी बाकावरची माणसं उठली. मीही उठलो, बाहेर येऊन निलगिरीखाली बसलो. आत गाणं सुरू झालं.

मग पायऱ्यांवर बुटांचा आवाज आला. तू!

“अरे, काय करतोयस? आत जा!” मी ओरडलोच. “वेडा आहेस का? आठ वर्षं झाली! तुझं नाव घेतलंय, सगळे थांबलेत!”

तू माझ्या शेजारी बसलास. टोपी काढून गुडघ्यावर ठेवलीस.

“आठ वर्षं थांबलो,” तू म्हणालास. “आणखी पाच महिने थांबायला मला काय होतंय? तुझे संपू देत.”

मग तू डोळे मिटून आतल्या गाण्याचा खालचा सूर धरलास, जसा पूर्वी धरायचास, आणि मी काहीच बोलू शकलो नाही. आयुष्यभर बोलून पोट भरलेला माणूस! संध्याकाळी बोलेन म्हटलं, घर पाहुण्यांनी भरलेलं. सकाळी उठलो तर बस गेलेली.

तेव्हा उत्तर आज देतो. माझे सहा महिने फेब्रुवारीच्या तीन तारखेला संपतात. त्यानंतरचं पहिलं प्रभुभोजन रविवारी, ८ फेब्रुवारीला, सकाळी नऊ वाजता. त्या आठवड्यात दाउदाची बस तिकडून गुरुवारी निघते, शनिवारी इथं पोचते. घंटा झाली, काफुलामानं माझं नाव पुकारलं, सगळी मंडळी मागे वळून बघायला लागली, तरी मी देवळाच्या दारातच उभा असेन. तू आल्याशिवाय आत पाऊल टाकणार नाही.

लामेकी